इतिहासाची घडणावळ

सेकंडहँड हा शब्द घड्याळाइतका दुसऱ्या कशालाच शोभत नाही. घड्याळात सेकंडहँड मुळातच असतो. तरी सोन्याची जुनी घड्याळं विकणाऱ्यांना तो शब्द हलका वाटतो. ते म्हणतात, ‘प्री-ओन्ड’. बिजवराला ‘अनुभवी वर’ म्हटल्याने त्याचं पहिलं लग्न पुसलं जात नाही, एवढं आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं!

परवा एक बडे खातेदार अशाच एका घड्याळाचं माहितीपत्रक काउंटरवर विसरून गेले. घड्याळ रोलेक्सचं, ‘डे-डेट’. किमतीचा आकडा मी आधी खाते नंबर म्हणून वाचला.

आता त्याचा इतिहास ऐका. हे मॉडेल १९५६ साली निघालं. तारखेबरोबर वारही पूर्ण अक्षरांत दाखवायचा, आणि घड्याळ करायचं फक्त सोन्यात नाहीतर प्लॅटिनममध्ये, असा बेत. पट्ट्याचं नाव ‘प्रेसिडेंट’. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन ते वापरत. गंमत म्हणजे सुरुवातीच्या घड्याळांत वार-तारीख झटकन बदलायची सोयच नव्हती. चार दिवस कपाटात राहिलं, की बसा काटे गरगर फिरवत! तारखेची सोय १९७७ साली झाली, वाराची १९८८ साली. आज सोमवार आहे हे कळायला मला सोनं लागत नाही. काउंटरसमोरची रांग पुरते.

पण माझं भांडण घड्याळाशी नाही. घड्याळ देखणंच आहे. भांडण आहे ते हिशेबाशी. मी बी.कॉम. आहे. यंत्र जुनं झालं की घसारा धरायचा, असं मला फी घेऊन शिकवलेलं आहे. आणि सोन्याचं म्हणाल, तर बायकोची बावीस कॅरेटची बांगडी मोडायला न्या. सराफ घडणावळ तर सोडाच, वर घट धरतो. इथे सोनं अठरा कॅरेटचं, म्हणजे शंभरात पंच्याहत्तर भाग. पण घसारा नाही, घट नाही, उलट इतिहासाची घडणावळ वेगळी! २०२२ च्या डिसेंबरात तर खुद्द कंपनीनेच आपल्या जुन्या घड्याळांना अस्सलपणाचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची हमी द्यायला सुरुवात केली.

प्रमाणपत्र ठीक आहे हो, पण इतिहास कोणाचा? जॉन्सनसाहेबांनी हे घड्याळ घातलं नव्हतं. याच्यासारखं घातलं होतं. टिळक धोतर नेसत, म्हणून माझं जुनं धोतर कोणी चौपट भावाने घेईल का? या घड्याळाचा इतिहास म्हणजे ते ज्याच्या मनगटावर तीस वर्षं होतं, त्या माणसाचा. मागच्या बाजूला कधी नाव कोरलेलं असतं, कधी लग्नाची तारीख. कित्येकदा ते घासून, पॉलिश करून घालवतात. परक्याचं नाव असलं की भाव पडतो ना!

सोनेतारणाच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. तिथे हौसेने सोनं घेऊन आलेला माणूस मी पाहिला नाही. पोराची फी, बायकोचं ऑपरेशन, बुडालेलं दुकान. दागिना तराजूत पडतो तेव्हा माणूस दागिन्याकडे बघत नाही, आमच्याकडेही बघत नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतो. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. त्यात बहुतेक जण ‘घरगुती’ लिहितात. त्या एका शब्दात जेवढा इतिहास असतो, तेवढा त्या गुळगुळीत माहितीपत्रकात शोधून सापडला नाही.

कोणी म्हणेल, श्रीमंत लोक कंटाळा आला म्हणूनही विकतात. विकत असतील. मग तसं लिहा! ‘मालकाला कंटाळा आला.’ तोही इतिहासच. पण गोष्टीचे पैसे घ्यायचे असतील, तर गोष्ट त्याच घड्याळाची सांगा: कोणी घेतलं, कोणाच्या हातावर होतं, आणि कोणत्या वारी ते हातावरून उतरलं. एवढी पूर्ण अक्षरांत वार दाखवायची ऐट, तर तो वारही दाखवा. सांगायचं नसेल, तर मुकाट्याने घसारा धरा, घट धरा आणि वजनावर विका.

आणि नुसता वारच हवा असेल, तर आमच्या बँकेचं कॅलेंडर घेऊन जा. ते फुकट आहे, आणि अजिबात प्री-ओन्ड नाही.