हळद हे कवच नव्हे

क्ष-किरण पेशीत शिरले म्हणजे डीएनएचे धागे तुटतात. यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश हानी किरण स्वतः करीत नाहीत. ती पेशीतील पाण्यापासून निर्माण होणारे हायड्रॉक्सिल मूलक करतात. त्यांचे आयुष्य सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतकेच. म्हणून रक्षक रेणू तेथे आधीच हजर असावा लागतो. हळदीतील कुर्कुमिन मूलकांना कसे निकामी करते, याचा अभ्यास मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला आहे. परंतु परीक्षानळीतील यश शरीरात टिकतेच असे नाही. गिळलेले कुर्कुमिन रक्तात फार थोडे पोहोचते. शिवाय किरणोपचारात निरोगी पेशींबरोबर कर्कपेशीही वाचल्या, तर उपचारच व्यर्थ! रुग्णाने हळदीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. संशोधन अवश्य चालावे. कवच ही पदवी मात्र कसोटीनंतरच द्यावी.