पुरावा आमचा पन्नास वर्षांचा, दप्तर त्यांचे पाच वर्षांचे!

तेरखेड्याच्या आणि वाशी तालुक्यातल्या शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो,

बैठकीत सोयाबीनच्या आणि कांद्याच्या भावावर बोलायचे आहेच. पण त्याआधी एका रुक्ष विषयाकडे जरा लक्ष द्या. विषय आहे घरकुलाच्या दप्तराचा. कोणाला घर मिळाले, कोणाचे नाव कापले, जागा कोणाची दाखवली, हप्ता कोणी उचलला, हे सांगणारा कागद सरकार किती वर्षे ठेवते?

सरकार आपल्याकडे काय मागते ते आधी पाहा. इतर मागासवर्गाचा दाखला पाहिजे तर १९६७ च्या आधीचा पुरावा आणा. भटक्या-विमुक्तांनी १९६१ च्या आधीचा आणा, अनुसूचित जातीच्या माणसाने १९५० च्या आधीचा. १९५० साली हा मुलूख निजामाच्या तावडीतून सुटून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पत्र्याच्या घरात, गळत्या छपराखाली राहणाऱ्याने तीन पिढ्यांचा कागद पेटीत जपून ठेवावा, अशी या मायबाप सरकारची अपेक्षा! आणि स्वतःसाठी नियम कोणता? सरकारी दप्तराचे वर्ग पाडलेले असतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा, ‘क’ वर्गातले काही १० वर्षांचे तर काही ५ वर्षांचे, आणि ‘ड’ वर्ग एका वर्षात रद्दी. (घरकुलाच्या प्रतीक्षा यादीलाही आपल्याकडे ‘प्रपत्र ड’ म्हणतात. त्यात नाव असलेल्यांनी जपून राहावे.) घरकुलाची फाईल यातल्या कोणत्या वर्गात बांधली, हे किती लाभार्थ्यांना ठाऊक आहे?

कागदाची मुदत संपते, त्या कागदावर लटकलेला माणूस मात्र संपत नाही. इंदिरा आवास योजना १९८५ पासूनची, प्रधानमंत्री आवास योजना २०१६ पासूनची. बापाच्या नावावर जुने घरकुल दाखवून पोराचा अर्ज फेटाळला जातो. पोरगा म्हणतो, बापाला घर मिळालेच नाही, पैसे दुसऱ्याने उचलले. खरे-खोटे करायला जुनी फाईल काढा म्हटले, की उत्तर येते, ‘मुदतबाह्य, नष्ट.’ म्हणजे आरोप जिवंत आणि पुरावा मेलेला!

गावठाणाला लागून सरकारी जागेवर राहणाऱ्यांचेही तेच. १ जानेवारी २०११ पूर्वीचे राहते अतिक्रमण नियमात बसवायचे धोरण सरकारने केले. चांगले केले. पण २०११ च्या आधीपासून राहतो हे कशावरून? नमुना नंबर ८ वरून आणि घरपट्टीच्या पावतीवरून. ते रजिस्टर ग्रामपंचायतीच्या कपाटात. ते भिजले, फाटले, गहाळ झाले, की राहणारा एका दिवसात उपरा.

सर्वांत मोठा घोर किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. ५२ गावे नव्या जागी वसवली, बाकीच्या गावांत जागेवरच बांधणी आणि दुरुस्तीला अनुदान दिले. जागतिक बँकेचे कर्ज होते. घरोघर पंचनामे झाले, पडझडीची प्रतवारी लागली, हप्ते वाटले. त्या नोंदींवर आजही नोकरी अडते, कारण भूकंपग्रस्तांना सरकारी भरतीत २ टक्के समांतर आरक्षण आहे. आता हिशोब करा. १९९३ मध्ये ३० मिळवले की २०२३. या याद्या कोणी ‘ब’ वर्गात टाकल्या असतील तर मुदत उलटून गेली. ‘क’ वर्गात टाकल्या असतील तर २००३ सालीच. त्या वर्षी जन्मलेला नातू आज भरतीला उभा राहतो. त्याने आजोबाच्या पडक्या भिंतीचा पुरावा कोठून आणावा? ज्याने खोटा दाखला मिळवला त्याला मात्र मूळ यादी नसलेलीच बरी.

कारकून म्हणतील जागा नाही, वाळवी लागते, उंदीर खातात. मग २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा मोडीतले, उर्दूतले कागद कोठून निघाले? मराठवाड्यातल्याच कपाटांतून. वरून रेटा आला की शंभर वर्षांपूर्वीचे पान सापडते. आणि संगणकाचे नाव सांगू नका. संगणकावर नाव, हप्ता आणि फोटो दिसतो. ज्या ग्रामसभेत नाव घातले किंवा कापले तिचे प्रोसिडिंग अजून कागदावरच असते.

जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेचे प्रकरण तर ताजे. केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून तिच्या प्रशासनाची योजना बंद केली आणि ती जिल्हा परिषदेत सामावून घ्या असे राज्यांना कळवले. भाकरी कोणी वाढायची ते ठरले. जुने गठ्ठे कोणी सांभाळायचे?

अमेरिकेत ‘होम’ नावाची सरकारी घरबांधणी योजना आहे. तेथेही मुदत पाचच वर्षांची. पण ती पैसे दिल्यापासून मोजत नाहीत, काम पुरे झाल्यापासून मोजतात. आणि दावा किंवा तपासणी चालू असेल तर निकाल लागेपर्यंत कागदाला हात लावता येत नाही. आपल्याकडे लेखापरीक्षणाचा आक्षेप पडून असतो आणि फाईल गायब होते.

तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांना मालाचा साठा किती आला, किती गेला याचा हिशोब ठेवावा लागतो. नाही ठेवला तर परवाना जातो. सरकारी दप्तर उडते ते मात्र बिनआवाजी.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे नियम मोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की दप्तराची सूची करून ठेवा. ‘गहाळ’ हा शब्द या दोन्ही कायद्यांत पळवाट म्हणून लिहिलेला नाही. आणि हे फक्त ग्रामसेवकाला सुनावायचे नाही. छातीवर आपला बिल्ला लावून प्रोसिडिंग बुक घरी नेणाऱ्या सरपंचालाही सुनवायचे आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव घ्यावा. घरकुलाच्या लाभार्थी याद्या, नाव कापल्याची कारणे, जागेचे उतारे आणि भूकंपाचे पंचनामे ‘अ’ वर्गात, म्हणजे कायम ठेवावेत. काहीही नष्ट करण्याआधी यादी चावडीवर लावावी आणि ग्रामसभेत वाचावी. जुन्या नमुना ८ ची छायाप्रत पंचायत समितीतही असावी. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घ्या. पंचायत समितीत माहितीच्या अर्जात एकच प्रश्न विचारा : आमच्या गावच्या घरकुलाच्या फायली कोणत्या वर्गात आहेत आणि शेवटचे गठ्ठे कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने नष्ट केले? उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. आलेले उत्तर, नाही आले तर अर्जाची पोच, पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.