पाटीवरचा दिवा आणि हरवलेली समई

बृहन्महाराष्ट्रातील आमच्या वाचकांनी एक प्रयोग अवश्य करून पाहावा. आपल्या शहरातील कलासंग्रहालयात जावे. सोबत घरातील एक वयोवृद्ध माणूस आणि एक शाळकरी मूल न्यावे. आणि दालनांतून फिरताना काचेमागील वस्तूंकडे थोडे कमी व या दोघांकडे थोडे अधिक लक्ष द्यावे. वृद्धाला वस्तू ओळखू येते, पण पाटी वाचता येत नाही. मुलाला पाटी वाचता येते, पण वस्तू ओळखू येत नाही. या दोघांच्या मधोमध जी रिकामी जागा राहते, तेथे पूर्वी एक मराठी शब्द होता. आमचा आजचा वाद त्या शब्दासाठी आहे.

काही महिन्यांपूर्वी आम्ही आठ-दहा जण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडील एका शहरातील संग्रहालयात गेलो होतो. त्या संस्थेचे नाव येथे घेत नाही. एका संस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हा प्रश्न सुटणारा नाही. एका कपाटात तीन पितळी वस्तू मांडल्या होत्या. पहिली जमिनीवर उभी राहणारी, पाच वाती लावण्याची. दुसरी साखळीने टांगण्याची. तिसरी तळहातावर मावणारी. तिन्ही पाट्यांवर, इंग्रजीत व तेथील राज्यभाषेत, एकच मजकूर : 'दिवा, पितळ, एकोणिसावे शतक'. आमच्यासोबतच्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या काकू काचेजवळ वाकल्या आणि नातीला म्हणाल्या, "ही समई गं. हा लामणदिवा. आणि हे निरांजन, आरतीच्या तबकात असतं ना, ते." नातीने पाटीकडे पाहिले, आजीकडे पाहिले आणि विचारले, "मग इथं तसं का नाही लिहिलं?"

काकूंपाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यापाशीही नव्हते.

पुढच्या दालनात एका चौकटीत जुना कागद लावला होता. त्याखाली लिहिले होते : 'जुन्या लिपीतील दस्तऐवज'. ती लिपी मोडी होती आणि भाषा मराठी. आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी थोड्याच वेळात पहिल्या काही ओळी वाचून दाखविल्या. एका देवस्थानाच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या नेमणुकीचा तो कागद होता. म्हणजे समया कशासाठी तेवत असत आणि त्यांच्या तेलाचा खर्च कोठून येत असे, हे सांगणारा कागद त्याच इमारतीत होता. आणि दोघांची एकमेकांशी गाठ घालून देणारे तेथे कोणी नव्हते.

कोणी म्हणेल, पाटीवर 'दिवा' लिहिले यात चूक ती काय? समई हा दिवाच नव्हे काय? चूक नाही, हे आम्ही मान्य करतो. पण ते अपुरे आहे, आणि संग्रहालयात अपुरेपणा हा चुकीचाच धाकटा भाऊ असतो. 'दिवा' हे जातिवाचक नाव आहे. समई, लामणदिवा, निरांजन, पणती ही नावे त्या वस्तूची जागा, वेळ आणि काम सांगतात. समई म्हटले की देवघर आले, निरांजन म्हटले की ओवाळणे आले. हीच गत पागोट्याची. पगडी, पागोटे, फेटा, रुमाल, मुंडासे या पाच शब्दांना इंग्रजीत एकच शब्द पुरतो. आणि त्या इंग्रजी शब्दावरून स्थानिक भाषेत पाटी उतरविली, की पाचांचे एकच होते. पगडी ही बांधून घडविलेली आणि तशीच डोक्यावर चढवायची. फेटा प्रत्येक वेळी नव्याने बांधायचा. शिंदेशाही पगडी पाहून माणूस कोणत्या दरबारचा हे सांगणारी पिढी अजून पुरती संपलेली नाही. ती संपल्यावर पाटीवरचा एक शब्द तेवढा उरेल आणि तो कोणालाच काही सांगणार नाही.

चित्रांचेही तेच. राजा रविवर्मा १८८१ मध्ये वडोदऱ्यास आले. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी त्यांनी १४ पौराणिक चित्रांची मालिका रंगविली. त्यांच्या चित्रांतील कितीतरी स्त्रिया नऊवारी लुगड्यात आहेत. काष्टा, निऱ्या, ओचा, पदर हे सारे चित्रकाराने डोळ्यांत तेल घालून रंगविले आहे. केरळच्या या चित्रकाराने मराठी पेहराव का निवडला, हा भारतीय कलेच्या इतिहासातील एक मोलाचा प्रश्न आहे. पण पाटीवर केवळ 'साडी नेसलेली स्त्री' असे लिहिले, तर पाहणाऱ्याच्या मनात तो प्रश्न उगवणारच नाही. शब्द गेला की प्रश्नही जातो.

आता आमच्यावरचा नेहमीचा आक्षेप. 'तुम्ही परप्रांतात राहता. तेथील संग्रहालयात तुमच्या भाषेचा आग्रह कशाला?' या आक्षेपाला आम्ही इतिहासानेच उत्तर देऊ. वडोदऱ्याच्या सयाजीबागेतील संग्रहालय १८९४ मध्ये उभे राहिले ते सयाजीरावांच्या इच्छेने. आणि सयाजीराव नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. त्याच शहरातील तांबेकरांच्या वाड्याच्या भिंतींवर रामायण, कृष्णकथा आणि इंग्रज-मराठ्यांची युद्धे रंगविलेली आहेत. वाडा होता गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. ग्वाल्हेरच्या गुजरी महालात १९२० मध्ये संग्रहालय उभारणारे पुरातत्त्ववेत्ते मो. ब. गर्दे होते. इंदूरला १९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रशाळा सुरू केली, तिच्यातून ना. श्री. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर आणि मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार बाहेर पडले; आणि इंदूरचे बेंद्रे १९५० मध्ये वडोदऱ्याच्या नव्या कलाशाखेत चित्रकला शिकवू लागले. ज्या घराच्या पायाभरणीत आपली माणसे होती, त्या घरात आपली भाषा पाहुणी कशी?

या नावांचीच लिपीत काय दशा होते, तेही पाहावे. पाटीचा मूळ मजकूर इंग्रजीत लिहिला जातो आणि रोमन अक्षरांवरून तो स्थानिक लिपीत उतरविला जातो. रोमन लिपीत 'ळ'ला स्वतंत्र अक्षर नाही. म्हणून देवळालीकरांचे 'देवलालीकर' होतात, चिंचाळकरांचे 'चिंचालकर' होतात. हिंदीच्या नित्य लेखनात 'ळ' नाही, हे मान्य. पण गुजराती, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत 'ळ' सुखेनैव नांदतो आहे! तेथे हा उच्चार हरवतो तो शेजारभाषेच्या दोषाने नव्हे, तर इंग्रजीच्या वळशाने. मराठी नाव थेट कन्नडात वा गुजरातीत लिहिले असते, तर ते शाबूत राहिले असते. दोन भारतीय भाषा परस्परांशी बोलावयास लागल्या, तर दोघींचेही भले होते. तिसरीची मध्यस्थी घेतली, की दोघींचेही अक्षर मोडते.

येथे आम्ही कायद्याची फूटपट्टी मुद्दाम काढत नाही. ज्या तालुक्यात वा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व सीमाभागाच्या लढ्यात आम्ही वर्षानुवर्षे मांडत आलो आणि मांडत राहू. पण वडोदऱ्यात वा हैदराबादेत ती टक्केवारी आपल्या कामाची नाही. समईला समई म्हणावयाचे ते तेथे मराठी माणसे किती राहतात यावरून नव्हे, तर ती समई आहे म्हणून. वस्तूला तिच्या घरचे नाव देणे हा उपकार नव्हे. ती संग्रहालयाच्या व्यवसायातील पहिली प्रामाणिकता आहे.

आणि हीच प्रामाणिकता आम्ही महाराष्ट्राकडेही मागतो. कोल्हापूरच्या शिलाहारांचे आणि देवगिरीच्या यादवांचे कितीतरी शिलालेख कन्नडात आहेत. ते महाराष्ट्रातील संग्रहालयांत 'हळेकन्नड' या ओळखीसह, कन्नड वाचकालाही समजेल अशा पाटीसह ठेवले गेले पाहिजेत. जो बेळगावात मराठीसाठी भांडतो आणि सोलापुरात कन्नडकडे पाठ फिरवितो, तो भाषेचा कैवारी नव्हे, केवळ स्वतःचा कैवारी आहे.

'एका पाटीवर किती भाषा लिहाव्यात?' हा दुसरा आक्षेप. याचे उत्तर कर्नाटकातच दगडात कोरलेले आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी, ती मूर्ती चामुंडरायाने करविली ही एकच गोष्ट कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत सांगितलेली आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. आजच्या भाषेत बोलायचे तर ती तीन भाषांतील पाटीच होय. तेथे दुरून येणाऱ्या यात्रेकरूला त्याच्या भाषेत दोन शब्द सांगावेत, असे कोणाला तरी वाटले. छिन्नी-हातोड्याने काळ्या कातळात जे परवडले, ते छापील कागदाच्या पाटीवर का परवडू नये? तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा प्रदीर्घ इतिहास मराठीत कोरविला. तमिळ देशाच्या मंदिराने तो आजवर सांभाळला आहे. उदारपणाचा वारसा शेजाऱ्यांकडे आहे. तो मागण्याचे काम आपले आहे.

स्वतः सयाजीरावांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या राज्यात १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांत सिद्ध झाला. गुजराती प्रजेच्या मराठी राजाने हिंदी, उर्दू, बंगालीलाही आपल्या कोशात जागा दिली. त्याच्या वारसांना एका पाटीवर तिसरी ओळ जड वाटावी?

येथवर आम्ही इतरांना सुनावले. आता स्वतःकडे वळणे प्राप्त आहे. त्या दिवशी बाहेर पडताना आम्ही अभिप्रायवही उघडली. वीस-पंचवीस पाने चाळली. आडनावे पाहिली, तर कुलकर्णी, शिंदे, जाधव, देशपांडे, मोरे असे आपलेच लोक पानोपानी भेटले. आणि अभिप्राय? 'व्हेरी नाइस.' 'गुड कलेक्शन.' सारे इंग्रजीत. मराठीत लिहिलेला एकही अभिप्राय आम्हांला आढळला नाही. वर्षभरानंतर कोणा अधिकाऱ्याने ती वही पाहिली, तर त्याचा प्रामाणिक निष्कर्ष हाच होईल, की येथे मराठी वाचणारा कोणी येत नाही. ज्याने मागितलेच नाही, त्याला नाकारले असे कसे म्हणावे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, मंडळांत सत्कार झाले. आम्हीही आनंदलो. पण अभिजात भाषेचे कागद 'जुन्या लिपीतील दस्तऐवज' म्हणून काचेमागे मुके पडून असतील, आणि ते वाचू शकणारे निवृत्त शिक्षक त्याच शहरात दुपारी वर्तमानपत्र वाचत बसलेले असतील, तर त्या दर्जाचे मोल प्रमाणपत्राच्या चौकटीपुरतेच राहील. महाराष्ट्र शासन काय करील याची वाट पाहण्यात आपण आयुष्ये घालविली. हे काम मात्र शासनावाचून होण्यासारखे आहे.

ते काम असे. प्रत्येक शहरातील महाराष्ट्र मंडळाने आपल्या संग्रहालयातील मराठी घरांतून व दरबारांतून आलेल्या वस्तूंची यादी करावी. मंडळातील आज्जी-आजोबांना दालनांतून फिरवून प्रत्येक वस्तूचे नाव, उपयोग आणि उच्चार नोंदवून घ्यावा. मोडी वाचणाऱ्यांनी पाट्यांसाठी दोन-दोन ओळींचा सारांश लिहावा. ही यादी मराठीत, स्थानिक राज्यभाषेत आणि इंग्रजीत स्वच्छ टंकलेखित करून संग्रहालयाच्या अभिरक्षकांना नम्रपणे सादर करावी. मोर्चा घेऊन जाऊ नये, मदत घेऊन जावे. आमचा अनुभव असा, की संग्रहालयात काम करणाऱ्या माणसाला नवी माहिती मिळाली तर तो शत्रुत्व धरीत नाही. त्याला ती सांगणारेच भेटलेले नसतात. उत्तर आले नाही, तर मात्र पुन्हा लिहावे, आणि पुन्हा लिहावे. आणि अभिप्रायवहीत प्रत्येकाने मराठीत, सुवाच्य अक्षरांत, एक तरी पूर्ण वाक्य लिहावे.

हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही. पितळ शे-दोनशे वर्षे टिकेल, काच बदलता येईल, पाटी केव्हाही नव्याने छापता येईल. काकू मात्र पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्या दिवशी नातीला तीन शब्द मिळाले, ते त्या सोबत होत्या म्हणून. ज्या मुलांसोबत कोणी काकू नाहीत, त्यांना ते शब्द सांगण्याचे काम त्या पाटीचे आहे. आणि पाटीला ते सांगण्याचे काम आपले.