श्वानाचें रेखाचित्र

आपल्या घरांतून मुलानें गणपति काढला तर कौतुक होतें. दारचें कुत्रें काढलें तर वेळ फुकट दवडला असें वडील माणसें म्हणतात. आमच्या बोदवडांत निंबाच्या सावलींत निजलेल्या कुत्र्याचें एका मुलानें मऊ पेन्सिलीनें काढलेलें चित्र आम्हीं नुकतेंच पाहिलें. घरच्यांच्या हंसण्यामुळें त्यानें वहीच बंद करून ठेविली आहे. म्हणून हा विचार.

विषय हलका म्हणावा, तर पाणिनीनें श्वान, युवक व इंद्र यांस एकाच सूत्रांत ओविलें. आणि धर्मराजानें बरोबरच्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारिलें. दत्तमूर्तीपाशीं चार श्वान आपण नित्य पाहतोंच.

साधन क्षुल्लक म्हणावें, तर तेंहि खरें नव्हे. इ. स. 1795 मध्यें कोंते नामक फ्रेंच गृहस्थानें ग्राफाइटच्या पुडींत चिकणमाती मिसळून ती भाजण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. माती अधिक तर पेन्सिल कठीण. कमी तर मऊ व काळी. मऊ पेन्सिल आडवी धरिली कीं लोमश अंगाची छाया उमटते, उभी धरिली कीं मिशीचा केस. केस मोजावयाचे नसतात, त्यांचा कल पाहावयाचा असतो. आणि ओल्या नाकावरील चकाकी काढावयाची नसून तेवढा कागद कोरा राखावयाचा असतो.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत 1865 पासून 1875 पर्यंत शिकविणारे लॉकवुड किपलिंग यांनीं पुढें 1891 मध्यें हिंदुस्थानांतील पशूंवर ग्रंथ लिहून त्यांत स्वतःचीं चित्रें घातलीं. आपल्या अंगणांतले प्राणी त्यांस रेखाटण्याजोगे वाटले, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल, मोबाईलवर क्षणांत छायाचित्र निघतें, मग हा खटाटोप कशास? परंतु छायाचित्र घेणारास पाहावें लागतेंच असें नाहीं. कुत्रें कूस पालटतें, कान टवकारतें. रेखाटणारास तें रूप मनांत धरून ठेवावें लागतें. अर्धा तास एखाद्या जीवाकडे असें पाहिलेल्या मुलाचा हात त्यावर धोंडा उचलण्यास सहसा धजत नाहीं, असा आमचा शाळेंतील अनुभव आहे.

तरी वाचकांस विनंति कीं, घरांत असें चित्र निघाल्यास हंसूं नये. चार-बी पेन्सिल व कोरा कागद मुलापुढें ठेवावा, आणि चित्राखालीं तारीख घालावयास सांगावें.