मन ओळखायचे ते फक्त बाईनेच?

भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडी. नवरा-बायकोत बिनसले की गोष्ट आधी पाळकांकडे जाते, मग मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे, आणि सगळे थकले की आमच्या केंद्रात. तोवर त्या बाईने एकच प्रश्न पुष्कळदा ऐकलेला असतो : "मारत तं नाही ना? पेत तं नाही ना? मंग काय पायजे तुले?"

काय पाहिजे ते तिला पक्के ठाऊक असते. एक नर्सबाई म्हणाल्या, "आईची माती करून आली, आठ दिवस झाले. 'कशी आहेस' म्हणून यांनी एका शब्दानं विचारलं नाही. रविवारी मात्र एकाच स्कूटरवर उपासनेला जातो." नवऱ्याला बोलावले. माणूस वाईट नव्हता. "काय विचारू, मॅडम? आमच्या घरी बाबानं आईला कधी विचारलंच नाही," एवढेच बोलला आणि रुमालाने चष्मा पुसत बसला. त्याचेही कुणी कधी विचारले नसणार.

लग्नाआधी मुलीला सांगतात, त्याचा स्वभाव ओळख, तो दमून येईल, लगेच गाऱ्हाणी नको. सल्ला खोटा नाही. पण मुलाला 'जबाबदारी घे' एवढेच सांगतात, म्हणजे पगार घरी आण. (रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून ती दमत नाही काय?) इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले 22 वे वचन, बायकांनी अधीन राहावे हे, सर्वांना पाठ. त्याच्या आधीचे 21 वे, एकमेकांच्या अधीन व्हा म्हणणारे, क्वचित ऐकू येते. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, तर नवऱ्यालाच बजावले आहे की बायकोशी समजून वाग, नाहीतर तुमच्या प्रार्थनेत अडथळा येईल. तिथेच बाईला नाजूकही म्हटले आहे. त्यावर पुन्हा कधीतरी भांडू.

टिळक दांपत्य आपल्याला जवळचे. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता बाप्तिस्मा घेतला. त्या ताटातुटीत त्यांचे काय झाले ते 'स्मृतिचित्रे'त आहे. पुढे पुन्हा एकत्र आल्यावर टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. 1900 मध्ये त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. एवढ्या प्रेमळ कवीलाही बायकोच्या मनाला तिचा वेळ द्यायला शिकावे लागले.

कायद्याला तर फारच वेळ लागला. 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार पुरे होता. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असे आणखी काही दाखवावे लागे. नुसत्या छळावर फार तर वेगळे राहण्याची मुभा मिळे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि 2001 च्या दुरुस्तीने क्रूरता हे दोघांनाही स्वतंत्र कारण झाले.

पण मैत्रिणींनो, आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकींना घटस्फोट नको असतो. प्रत्येक अबोला म्हणजे क्रूरता, असेही मी म्हणत नाही. पाळकसाहेबांना मागणे एवढेच आहे : लग्नाआधी मुलाला एकट्याला बसवून विचारा, तिला कशाची भीती वाटते, कशाने बरे वाटते, तुम्हाला माहीत आहे काय? नसेल, तर लग्नाची तारीख थोडी पुढची धरा. आणि भांडण मिटवायला बसाल, तेव्हा त्या बैठकीत निदान दोन बाया असू द्या.