नर्सिंगचा पेपर नशिबावर सुटत नाही

माढा तालुक्यात मुलगी बारावी झाली की घरात दोन विषय हमखास निघतात. एक लग्नाचा आणि दुसरा नर्सिंगचा. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंबकडच्या पोरी आता एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगची वाट धरू लागल्या आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. उसाचे बिल कधी निघेल आणि डाळिंबाला काय भाव लागेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण सरकारी दवाखान्यात लागलेल्या पोरीचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, हे गणित आता शेतकऱ्याला कळून चुकले आहे.

अडते ते परीक्षेत. कॉलेजात शिरायलाही परीक्षा आणि नोकरीला लागायलाही परीक्षा. आणि ती सगळी चार पर्यायांची. पारावर याबद्दल दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की "उत्तर समोरच दिलेले असते, खूणच तर करायची, त्यात काय अवघड?" दुसरे मत, "ते सगळं नशिबाचं काम, लागला तर मटका." आमच्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे पोरींचे नुकसान होते. पहिल्या मतामुळे घरचे लोक तिला अभ्यासाला वेळ देत नाहीत. दुसऱ्या मतामुळे ते एजंटाच्या नादी लागतात.

परीक्षा कोणती आणि कशी?

बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी 2023 पासून राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. पेपर इंग्रजीत असतो. 100 प्रश्न आणि 90 मिनिटे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल यांचे 20-20 प्रश्न. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. पुढे शिक्षण झाले की जिल्हा परिषदेची आणि आरोग्य खात्याची भरती असते. त्यात नर्सिंगच्या विषयाबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनही विचारतात. जिल्हा परिषदांची 2023 ची भरती तर संगणकावरच झाली. त्याहून मोठी परीक्षा म्हणजे एम्सची नॉरसेट. ती 2020 मध्ये सुरू झाली आणि 2023 पासून पूर्व व मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. तिथे मात्र एका चुकीला एक तृतीयांश गुण कापला जातो. नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका पोरीने स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर राहू नये.

हे सविस्तर सांगण्याचे कारण म्हणजे पैसा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला आहे, व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला नाही. म्हणजे सीईटीला चार गुण जास्त पडले तर फी माफ, आणि कमी पडले तर कोट्याची जागा आणि बापाच्या डोक्यावर कर्ज. पोरीचा दोन तासांचा अभ्यास आणि सात-बारावरचा बोजा यांचा संबंध असा थेट आहे.

प्रश्न पाठांतराचा नसतो

नर्सिंगच्या पेपरात नुसती व्याख्या फार विचारत नाहीत. "या घडीला तुम्ही सर्वांत आधी काय कराल?" असे विचारतात. उदाहरण घ्या. नुकतीच बाळंत झालेली बाई आहे, रक्त जास्त जातेय आणि पोटावर हात लावला तर गर्भाशय मऊ, सैल लागतेय. पर्याय असे : एक, डॉक्टरांना फोन करणे. दोन, गर्भाशयाला मसाज करणे. तीन, रक्तदाबाची नोंद करणे. चार, बाईला पाणी पाजणे. नुसती गाईड घोकलेली पोरगी गोंधळते. डॉक्टरांना बोलवायचे असतेच, रक्तदाबही बघायचाच असतो. पण प्रश्नात "सर्वांत आधी" आहे. गर्भाशय आकसले नाही म्हणून रक्त जातेय, तेव्हा हात आधी तिथे गेला पाहिजे आणि त्याच दमात मदतीला हाक मारायची. उत्तर दोन.

हे ज्या पोरीला कळले, ती उद्या एखाद्या उपकेंद्रात एकटी असताना रात्री दोन वाजता बाई वाचवेल. सपाट भागात साधारण 5 हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि 30 हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे सरकारचे प्रमाण आहे. त्या उपकेंद्रात आपल्याच सुना-लेकी बाळंतपणाला जाणार. म्हणून ही परीक्षा नशिबाने पास झालेली नर्स आपल्या गावाला परवडणारी नाही, हेही लक्षात ठेवावे.

अभ्यास कसा करावा?

बहुतेक पोरी एकच धडा पाच-पाच वेळा वाचतात आणि ओळींवर रंगीत रेघा मारतात. वाचताना सगळे येतेय असे वाटते, पेपरात मात्र आठवत नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी 2006 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिले. आठवड्याने पाहिले तर नुसते वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. तेव्हा पोरीने अर्धा तास वाचावे, पुस्तक मिटावे आणि जेवढे आठवते तेवढे वहीवर उतरवावे. मग पुस्तक उघडून काय राहिले ते बघावे. यात डोके शिणते. पण शिणते म्हणूनच ते पक्के बसते.

दुसरी गोष्ट पाळीची. उसाला महिन्याचे पाणी एकाच दिवशी सोडले तर वाहून जाते आणि पुढे पीक वाळते, हे उजनीच्या कालव्यावरच्या माणसाला सांगायला नको. अभ्यासाचेही तसेच आहे. आज शिकलेला धडा उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी पुन्हा आठवून बघावा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्र-रात्र जागून काही साधत नाही.

तिसरी गोष्ट चुकांच्या वहीची. सराव पेपर सोडवला की नुसते गुण मोजून पान उलटू नये. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे. विषयच येत नव्हता, की प्रश्न नीट वाचला नाही, की दोन पर्यायांत अडकलो? महिनाभरात कळते की निम्म्या चुका घाईच्या आहेत. मराठी माध्यमातल्या पोरींनी इंग्रजी शब्दांचीही वही ठेवावी, रोज पाच शब्द. "एक्सेप्ट" किंवा "नॉट" हा शब्द नजरेतून सुटला तर येत असलेले उत्तरही उलटे पडते.

घरातही अभ्यासाचे साहित्य भरपूर आहे. लेकराचे लसीकरणाचे कार्ड काढा. बीसीजी जन्मल्यावर, डाव्या दंडावर. पेंटा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर. लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची. हे सगळे पेपरात येते. सलाईनच्या थेंबांचे गणितही बापाला समजावता येते. 15 लिटरच्या पंपाला, लिटरला 2 मिली या मापाने औषध किती? 30 मिली. हे गणित ज्याला येते त्याला हेही येईल : 500 मिली सलाईन 5 तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून एका मिलीला 15 थेंब पडतात. थेंब झाले साडेसात हजार, मिनिटे 300. म्हणजे मिनिटाला 25 थेंब. जेवण झाल्यावर पोरीने अशी दोन गणिते बापाला समजावून सांगावीत. जो समजावतो त्याचे पक्के होते.

पेपर हातात आल्यावर

100 प्रश्नांना 90 मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. तेव्हा येणारे प्रश्न पहिल्या फेरीत उरकून घ्यावेत आणि अडलेले दुसऱ्या फेरीला ठेवावेत. आधी प्रश्न पूर्ण वाचावा, पर्याय झाकून मनात उत्तर काढावे आणि मग पर्याय बघावेत. रुग्णाच्या प्रश्नात आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण हा क्रम लक्षात ठेवावा. "नेहमी", "कधीच नाही" असे ठाम शब्द असलेला पर्याय दोनदा तपासावा.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हे गणिताने ठरवावे. गुण कापत नसतील तर एकही प्रश्न सोडू नये. एक तृतीयांश कापत असतील आणि चारही पर्याय अनोळखी असतील, तर अंदाजाने सरासरी काहीच पदरात पडत नाही. चारांत एक बरोबर आला तर एक गुण मिळतो आणि तिघांत तेवढाच जातो. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळले, तर उरलेल्या दोघांत अंदाज करणे सरासरी फायद्याचे ठरते.

आणखी एक समज आहे, की पहिले उत्तर कधी बदलू नये. 2005 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पेपरांवरची खाडाखोड तपासली गेली. बदललेल्या उत्तरांपैकी 51 टक्के चुकीची बरोबर झाली होती आणि 25 टक्केच बरोबरची चुकीची. तेव्हा कारण सापडले असेल तर उत्तर जरूर बदलावे. नुसत्या धास्तीने बदलू नये.

एजंटापासून लांब राहा

ऑक्टोबर 2021 मध्ये झालेल्या आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला आणि पोलिसांनी माणसे धरली, हे सगळ्यांनी वाचले आहे. त्या भानगडीत प्रामाणिक पोरांची वर्षे गेली. तेव्हा "इतके द्या, काम करून देतो" म्हणणारा माणूस पोरीचे भले करत नाही. तीच गोष्ट सहा महिन्यांच्या "नर्सिंग कोर्स"ची. कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी बघावे. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही आणि नोंदणी नसेल तर सरकारी भरतीचा अर्जही भरता येत नाही.

घराने आणि गावाने काय करावे?

आमचे खरे सांगणे इथे आहे. बारावीचा पोरगा अभ्यासाला बसला की घर गप्प होते. पोरगी बसली की "जरा भाकरी टाक", "म्हशीला वैरण घाल", "पाव्हणे आलेत, चहा ठेव". तासाभरात चार वेळा उठल्यावर 54 सेकंदांत प्रश्न सोडवायचे ध्यान कुठून येणार? आयांनो, पोरीला कामातून पूर्ण सोडा असे कुणी म्हणत नाही. पण रोज ठरलेले दोन तास तिचे, त्या वेळात तिला हाक मारायची नाही, एवढे घरात ठरवा. आणि बापाने ते स्वतः पाळावे, नुसते बायकोवर ढकलू नये.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही सांगणे आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दरवर्षी त्यातून काय काय खरेदी होते हे गावाला ठाऊक आहे. त्याच पैशातून चार टेबले, दिवे आणि सराव प्रश्नसंचांची मुलींची अभ्यासिका नियमात बसवता येते का, हे पंचायत समितीत विचारा आणि विषय ग्रामसभेपुढे आणा. आपले सरकार केंद्रातला संगणक रविवारी दोन तास पोरींना सरावाला मिळाला तर आणखी बरे. कित्येकींच्या हातात माऊस पहिल्यांदा परीक्षेच्या खोलीतच येतो आणि पहिली दहा मिनिटे तिथेच जातात.

हे आपल्या तालुक्याला जमणार नाही असे कुणी म्हणू नये. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. उपळाईच्या रोहिणी भाजीभाकरे सरकारी शाळेत शिकून आयएएस झाल्या आणि 2017 मध्ये तमिळनाडूतल्या सेलमच्या पहिल्या महिला जिल्हाधिकारी झाल्या. त्या परीक्षेचा पहिला टप्पाही चार पर्यायांचाच असतो.

सीईटीचे अर्ज निघायची वाट बघत बसू नका. ज्यांच्या घरात यंदा अकरावी-बारावीची पोरगी आहे, त्यांनी आज रात्रीच तिला विचारावे, "तुझे दोन तास कोणते ठरवायचे, सांग." आणि येत्या ग्रामसभेत अभ्यासिकेचा विषय कोण मांडणार, हे गावाने आत्ताच ठरवावे.