होडीच्या इंजिनाची लाल दोरी : लाइफ जॅकेटइतकीच सक्तीची का हवी?

मालवण-तारकर्लीला फायबरच्या होडीमागे लावलेले आउटबोर्ड इंजिन तुम्ही पाहिले असेल. त्याला बहुधा लाल, पीळदार दोरी असते. ती चालकाच्या अंगाला अडकवायची. चालक पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन लगेच बंद पडते. दोरी लावली नसेल तर होडी गोल फिरत राहते आणि फिरता पंखा पडलेल्या माणसावरच येऊ शकतो.

२०१३ मध्ये इंग्लंडमधील पॅडस्टो येथे हेच घडले. वेगवान बोटीतून अख्खे कुटुंब पाण्यात फेकले गेले. दोरी जोडलेली नव्हती. दोघांचा जीव गेला. अमेरिकेने एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बहुतांश बोटींवर वेगात असताना ही दोरी सक्तीची केली.

धोका किनाऱ्यावरही असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते. म्हणून सुटी टाकी खाली उतरवूनच भरावी. इंजिन गाडीत ठेवण्याआधी उभे धरून पाणी निथळू द्यावे. फोर-स्ट्रोक इंजिन पुस्तिकेत सांगितलेल्या बाजूवरच आडवे ठेवावे, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरते. पंख्याचे टोक वर ठेवू नये, उरलेले पाणी इंजिनात शिरते.

परवाना तपासणीत लाइफ जॅकेट मोजतात, तशी चालकाच्या अंगावरची दोरीही पाहायला हवी. तिला ना पेट्रोल लागते, ना वेळ. तोवर होडीत बसताना आपणच विचारूया : ‘दादा, दोरी लावली का?’